कोरड्या वाळूचा डबा

पंपाची किल्ली चाळीस वर्षं माझ्या कमरेला आहे. रानात जायचं, वाळूत बोट खुपसायचं, कोरडं लागलं की पंप चालू. याला शिक्षण लागत नाही. (माझं तिसरीपर्यंत झालंय. तेही कधी लागलं नाही.)

पण सुनेने ओल मोजायचा सेन्सर आणला. दोन पाती आणि एक वायर, बस. हा म्हणे वाळूत रोवला की पंप आपोआप चालू-बंद करणार. चालला तर किल्ली सुनेकडे, फसला तर माझ्याकडे, असं म्हातारीने परस्पर ठरवून टाकलं. मला विचारायची आमच्या घरात पद्धत नाही.

"आधी त्याला आपली वाळू शिकवावी लागेल, बाबा," सून म्हणाली. "कंपनीने त्याला चिकणमाती शिकवलीय."

"म्हणजे अडाणी यंत्र आणलंस. घरात एक अडाणी होताच की."

"होता. पण तो शिकत नाही," म्हातारी आतून म्हणाली.

मग या शिकल्यासवरल्या बाईने म्हातारीच्या मोठ्या पातेल्यात वाळू भाजली. भाजून वजन केलं, पुन्हा भाजली, पुन्हा वजन. वजन उतरायचं थांबलं तेव्हा म्हणे ती खरी कोरडी. मग चार डबे भरले. पहिला कोरडाच, बाकीच्या तिन्हींत चढतं पाणी, तेही थेंब मोजून. पाणी मुरायला डबे व्हरांड्यात ठेवले. मी शेजारीच दुखऱ्या दाढेखाली लवंग धरून बसलो होतो. हसलो, पाणी प्यालो, पेला रिकामा केला आणि उठलो.

संध्याकाळी तिने प्रत्येक डब्यात सेन्सर खुपसून आकडे लिहिले. कोरड्या डब्याचा आकडा तो शून्य.

सकाळी रानात यंत्र म्हणालं, उणे सात.

"उणे?" मी म्हणालो. "म्हणजे जमिनीत पाणी नाहीच, आणि वर आणखी सात नाही?"

सुनेने पंप यंत्राच्या हवाली केला आणि घरी वही आणायला गेली. पंप चालू झाला तो थांबेना. टरबुजाची कोवळी रोपं मुळासकट वाहू लागली. मला बंद करता आला असता, किल्ली हातातच होती. पण जिंकत आलेला माणूस मधेच उठत नाही. मी बांधावर बसून राहिलो.

सून धावत आली, वायर उपटली आणि गुडघ्यावर बसून एकेक रोप परत दाबायला लागली. दोन ओळी गेल्या होत्या. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

घरी येऊन तिने कोरड्या डब्याचं वजन केलं. वहीत होतं त्यापेक्षा सत्तर ग्रॅम जास्त. डबा परातीत उलटा केला. खालची वाळू ओली निघाली. ओल्या वाळूत लवंग.

घरात लवंग एकच माणूस चघळतो.

आता काय सांगू? पेल्यातलं उरलेलं पाणी मी जन्मात मोरीत टाकलेलं नाही. समोर माती दिसली की हात आपोआप वळतो. चूळ भरली असेल तर तीसुद्धा तिथेच.

"बाबा, यंत्र बरोबर होतं," सून म्हणाली. "त्याला ओल्यालाच कोरडं म्हणायला शिकवलं, तर ते बिचारं काय करणार."

किल्ली गेली. वाळू पुन्हा भाजली, डबे पुन्हा भरले. मी आपला व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला. तहान लागली की म्हातारी सुनेच्या मापाने पाणी आणते, शंभर मिली. मी गिळेपर्यंत समोर उभी राहते, मग 'आ' करायला लावते आणि वहीत खूण करते.