देवीचा मॅक

पावसजवळच्या त्या वाडीला शिमग्यासाठी एक संगणक घ्यायचा होता. पालखी कोणाच्या घरी कधी येणार, हे मुंबईच्या चाकरमान्यांना आधी कळवायचं होतं. पण वाडीतल्या गुणाजीने मुंबईच्या छापखान्यात सगळी नोकरी मॅकवर काढली होती. विंडोजच्या यंत्राला तो हात लावत नसे. कोणी मदत मागितलीच तर हात पाठीमागे बांधून, लांबून सांगे. शेजारचा रावजी कचेरीतून निवृत्त झालेला, पक्का विंडोजवाला. त्याच्या मते मॅक म्हणजे विकत घेतलेला माज. बैठकांवर बैठका या दोघांच्या वादात गेल्या. शेवटी कंटाळून लोकांनी ठरवलं, देवीला कौल लावू.

गंगाराम गुरवाने देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर मॅक, डावी पडली तर विंडोज. रावजी विंडोजचे फायदे देवीला सविस्तर सांगत होता, तेवढ्यात उजवी पाकळी गळली.

मॅक आला. देवळातला उदबत्तीचा धूर त्याला सोसायचा नाही, म्हणून गुणाजीने तो आपल्याच घरी ठेवून घेतला. चूक झाली ती इथे.

त्याच्या बायकोने, सगुणाने, आधी मॅकला हळदकुंकू वाहिलं. मग चुलीजवळची मासळीची भांडी माळ्यावर टाकली.

"आईची वस्तू घरात हाय. आता मासळी शिजायची नाय."

"अगं, यंत्र आहे ते."

"मग कौल कसला लावलात?"

दुसऱ्या दिवसापासून वाडीतल्या बायका दर्शनाला येऊ लागल्या. मॅकसमोर नारळ जमले. जेवायला रोज डाळ, भात आणि पडवळ. एकदा तो कामाचं निमित्त काढून रत्नागिरीला खानावळीत सुरमई खाऊन आला, तर सगुणाला दारातच वास लागला आणि अंगावर पाणी घेतल्याशिवाय तिने त्याला मॅकपाशी बसू दिलं नाही. तिकडे रावजीकडे रोज बांगडे तळले जात. जेवण झालं की तो कुंपणाशी येऊन दात कोरत मॅकची खुशाली विचारी.

शिमगा अजून लांब होता. गुणाजीने गंगारामला गाठलं आणि कौल फिरवता येईल का, ते हळूच विचारलं.

"कौल नाय फिरत," गंगाराम म्हणाला. "पण कोणी नवस फेडायला काय वस्तू आणली, तर ती आईला नाय म्हणता येत नाय."

रत्नागिरीच्या संगणकाच्या दुकानात गल्ल्यावरची हेतल गुणाजीला ओळखत होती. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांना मॅकचं महत्त्व पटवणारे काका ते हेच. त्यांनी विंडोजचा लॅपटॉप मागितला, तेव्हा तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"कोणासाठी, काका?"

"नवस आहे," गुणाजी म्हणाला. "थेट पिशवीतच घाल. माझा हात लागायला नको."

संध्याकाळी देवळात सगळ्यांसमोर त्याने नारळासह ती पिशवी देवीपुढे ठेवून मग रावजीच्या हाती दिली. पालखीचं काम यापुढे यावर, आणि रावजीच्याच घरी होईल, असं त्याने जाहीर केलं. मॅक देवीपाशी राहील. धूर सोसेल त्याला.

रावजीने पिशवी छातीशी धरली. "आलास ना शेवटी वाटेवर," तो म्हणाला. गुणाजीने मान खाली घातली. रावजीची बायको गोदा तोवर हळदकुंकवाचा करंडा घेऊन पुढे झाली होती.

चार दिवसांनी दुपारी गुणाजी जेवायला बसला होता. ताटात तळलेला बांगडा होता. दारात रावजी येऊन उभा राहिला. त्याची नजर ताटातल्या बांगड्यावर होती.

"गुणा," तो म्हणाला, "त्या मॅकात एवढं चांगलं काय असतं, ते जरा नीट समजावून सांग बघू."

"वेळ लागेल," गुणाजी म्हणाला.

"लागू दे."

सगुणाने दुसरं ताट मांडलं.