जंतूंना जपा

मुलीनं मांजर मागितलं. मांजराची मला भीती वाटते (कशाची वाटत नाही, ते विचारा), म्हणून मी मासा कबूल केला. काचेपलीकडे राहील, अंगावर येणार नाही, एवढाच माझा विचार.

दुकानदारानं टाकी, फिल्टर आणि एक जाडजूड सोनेरी मासा दिला. वर बजावलं, "टाकी नवी आहे. महिनाभर जंतूंना तेवढं जपा. आणि रोज चमचाभर पाणी बाजूला काढून, त्यात हे थेंब घालून तपासा. पिवळं म्हणजे ठीक. हिरवं म्हणजे विष!"

जंतू म्हटल्यावर मी कसला थांबतो! दुसऱ्या दिवसापासून फिल्टरमधला स्पंज मी रोज नळाखाली खसाखसा चोळू लागलो. (साबण लावला नाही. तेवढी अक्कल आहे मला.)

मासा दिवसभर तोंड उघडायचा, मिटायचा आणि दुसरं काही करायचा नाही. ऑफिसातल्या गोष्टी मी घरी जरा रंगवूनच सांगतो, त्यामुळे मुलीनं त्याचं नाव 'साहेब' ठेवलं.

चौथ्या दिवशी पाणी हिरवं आलं. मी स्पंज दोनदा धुवायला लागलो. आठव्या दिवशी ते गर्द हिरवं! दात घासायच्या आधी मी टाकीपाशी जायचो, एक डोळा मिटून. शाळेला निघताना मुलगी म्हणाली, "बाबा, साहेब मरणार नाही ना?"

"छे गं! मी आहे ना," मी म्हणालो, आणि माझीच पाचावर धारण बसली.

ऑफिसात मी जावक टेबलावर बसतो. पत्रांवर नंबर घालतो, म्हणून सगळे मला जावकराव म्हणतात. बारा वाजता बायकोचा फोन आला.

"अहो, साहेब वर येऊन धापा टाकतोय."

"जिवंत आहेत ना साहेब?" मी किंचाळलो. (घाबरलो की मी माशालाही अहोजाहो करतो.) ऑफिसातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या, पण मला कुठलं भान! "त्यांचीच घाण त्यांना बाधतेय! नाही, खायला अजिबात देऊ नकोस, खाऊन खाऊनच ही वेळ आलीय! आणि गेलेच, तर ती शाळेतून यायच्या आत दुसरे साहेब आणू. सगळे सारखेच दिसतात!"

फोन ठेवला. समोरचा टायपिस्ट माझ्या खांद्यावरून मागे बघत होता. मागे साहेब उभे होते. खरेखुरे.

"जावकराव, आत या."

केबिनमध्ये मी घाम पुसत सगळं सांगून टाकलं. साहेबांनी एकच विचारलं, "स्पंज कसा धुता?"

"नळाखाली, दिवसातून दोनदा. दुकानदारच म्हणाला, जंतूंना जपा."

साहेबांनी कपाळावर हात मारला. "अहो, जपा म्हणजे सांभाळा! ते जंतूच माशाच्या घाणीचं विष संपवतात. राहतात त्या स्पंजमध्ये. नळाच्या पाण्यात जंतू मारणारं क्लोरीन असतं. तुम्ही रोज दोनदा त्यांचा निर्वंश करत होतात!"

म्हणजे आठ दिवस मुलीच्या माशाला मीच मारत होतो. मला रडू फुटलं. साहेबांनी मला गाडीत घालून स्वतःच्या घरी नेलं. त्यांच्याकडे मोठी जुनी टाकी होती. तिच्यातल्या काळ्याकुट्ट, बुळबुळीत स्पंजचा तुकडा कापून त्यांनी माझ्या हातावर ठेवला. तो मी तान्हं मूल आणावं तसा घरी आणला, बादलीत ठेवून क्लोरीन घालवलेल्या पाण्यानं टाकीतलं अर्धं पाणी बदललं आणि फिल्टरला पुन्हा हात लावला नाही.

त्यानंतर सहाव्या दिवशी पाणी पिवळं आलं. साहेब खाली पोहू लागला. मुलगी नाचली. मी केबिनचं दार ढकललं.

"साहेब, तुमच्यामुळे आमचा साहेब वाचला. ते नावाचं... राग नाही ना आला?"

"छे हो! आमच्याही टाकीत एक आहे. दिवसभर दगडाखाली दडून बसतो. काचेवर नुसती सावली पडली तरी थरथरतो. सहा वर्षं झाली."

"अरे वा! काय नाव त्याचं?"

साहेबांनी फाइल उघडली आणि मान खाली घालूनच म्हणाले, "जावकराव."