ठणठणीत माणसाचे आभार

“आज मी आभार मानणार! कोण अडवतो बघू!” वेल्डरने आरशाला बजावलं. त्याचा आवाज असा, की कुजबुजला तरी शेजारी दार लावून घेत. म्हणून सगळे त्याला भोंगा म्हणत.

अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर पंधरवडाभर बायकोने त्याला जपलं होतं. जिवलग मित्र लंबू त्याला पाठुंगळी घेऊन जिने उतरला होता. बहिणीने डबे पोचवले होते. आणि भोंग्याने? एरंडेल प्यावं तसं तोंड करून सगळं गिळलं होतं!

बायको चहा घेऊन आली.

“तू माझं फार केलंस गं! आणि बहिणीचे डबेही झकास होते!” तो गरजला.

बायकोने चहा टेबलावर ठेवला. “काय हवंय?”

“काही नको! मनापासून बोलतोय!”

“मनापासून? अगंबाई! डॉक्टर काय म्हणाले ते खरं सांगा!”

“टाके सुकले म्हणाले!”

पण बायको स्वयंपाकघरात जाऊन फोनवर हुंदके देऊ लागली होती. तासाभरात घर भरलं. बहीण आली ती रडतच. “दादा, एवढ्या वर्षांत तू मला चांगलं बोलला नाहीस, आणि आज वहिनीजवळ माझ्या डब्यांचं कौतुक केलंस म्हणे! असं निरवानिरवीचं बोलू नकोस रे!”

“अगं, डबे चांगलेच होते!”

“बघा, बघा! पुन्हा बोलला!”

तेवढ्यात लंबू धापा टाकत आत शिरला. भोंग्याने त्याचे खांदे धरले. “लंब्या, तू होतास म्हणून वाचलो!”

लंबूने डोळे पुसले. “असू दे रे. फक्त आठवण म्हणून काहीतरी देऊन जा. तुझी ती ड्रिल मशीन...”

“काय?” भोंगा असा कडाडला, की खिडकीवरची कबुतरं उडाली. “मी ठणठणीत आहे! ड्रिलला हात लावलास तर तंगडं मोडीन! आणि आभार मी मानणारच! उद्याही मानीन! रोज मानीन! रडायचं त्याने रडा!”

पदराने नाक पुसून बायको हसली.

“आवाज शाबूत आहे. काही होत नाही यांना!”

सगळे मनसोक्त हसले, चहा प्याले, आपापल्या घरी गेले. कपबश्यांचा ढीग बायकोने त्याच्यापुढे सरकवला.

“ठणठणीत आहात ना? विसळा मग!”

भोंग्याने ताठ मानेने, एका सैनिकाच्या रुबाबात, सगळा ढीग विसळला. बायकोने एक कप उजेडात धरून न्याहाळला.

“हा परत धुवा.”