दुर्बल गट : शून्य

माणसाची किंमत तो गेल्यावर कळते, असे म्हणतात. सरकारी प्राथमिक शाळेतल्या मुलाची तर ती दशांशचिन्हापर्यंत कळते. अट एवढीच, की मूल आधी जावे लागते.

ही गोष्ट ज्या शाळेची, तिच्या मोठ्या बाई (म्हणजे मुख्याध्यापिका, अंगाने त्या टेबलामागून जेमतेम दिसत) याच शाळेत शिकल्या, याच शाळेत शिकवून म्हाताऱ्या झाल्या आणि आता याच शाळेच्या आकडेवारीला जबाबदार होत्या. त्यांच्या लहानपणी मुलांचे दोनच गट असत : फळ्याकडे बघणारी आणि खिडकीबाहेर बघणारी. खिडकीबाहेर बघणाऱ्यांना खडू फेकून मारला, की तीही फळ्याकडे बघत आणि पहिला गट शंभर टक्के भरे. शास्त्र तेव्हा फार मागासलेले होते. कोणाच्या घरी किती खोल्या, कोणाची आई कितवी शिकली, हे बाईंना ठाऊक असे. पण ते कुठे भरून पाठवायचे हे ठाऊक नसल्यामुळे सगळी माहिती वाया जाई. (ज्याच्या घरी आजारपण, त्याला त्या आठवड्यात गृहपाठ विचारत नसत. इतक्या मौल्यवान माहितीचा हा असा उपयोग!)

आता तसे राहिले नव्हते. शिक्षण खाते दरवर्षी मुलांची गटवारी मागवत असे. कमी उत्पन्नाचा गट, घरी वेगळी भाषा बोलणारा गट, वरचेवर घर बदलणारा गट, एकाच पालकाचा गट आणि गैरहजेरीचा गट. ज्या गटाच्या गुणांची सरासरी ठरलेल्या रेघेखाली, तो दुर्बल गट. ज्या शाळेत दुर्बल गट, ती दुर्बल शाळा. सलग तीन वर्षे दुर्बल राहिलेली शाळा बंद करून मुलांना हमरस्त्यापलीकडच्या शाळेत पाठवत. तिथे एकेका वर्गात इतकी मुले होती, की दुर्बल कोण हे शोधायला कुणाला सवडच नव्हती. प्रश्न तिथल्या तिथे मिटे.

मोठ्या बाईंच्या शाळेची दोन वर्षे भरली होती. पाचही गट दुर्बल. त्यात कोपऱ्यावरच्या इस्त्रीवालीची मुलगी अशी, की ती पाचही गटांत बसे. एकटीच पाच ठिकाणी नापास होत असल्यामुळे खात्याच्या दृष्टीने ती पाच मुली होती. अक्षराला बोट लावून ती सावकाश सरकत वाचे, म्हणून आईच तिला गोगलगाय म्हणे. जोडाक्षर आले, की गोगलगाय थांबे, शिंगे आत घेई आणि धोका टळेपर्यंत बाहेर काढत नसे. मोठ्या बाई शाळा सुटल्यावर तिला रोज समोर घेऊन बसत.

"बाई, ही वाचायला लागेपर्यंत तेवढी शाळा राहू द्या हो," इस्त्रीवाली म्हणाली होती. "हिला रस्त्यापलीकडे सोडायला मी गेले, तर लोकांचे कपडे काय आपले आपण इस्त्री होणार आहेत?"

"राहील," बाई म्हणाल्या. तोंडातून शब्द गेला तो गेला.

मार्ग काढला तो कारकुनाने. त्याला सगळी शाळा 'अपूर्णांक' म्हणे, कारण त्याने कुठलेही काम पुरे केलेले कुणी पाहिले नव्हते. नियमांच्या तळटीपा मात्र तो मिटक्या मारत वाचे.

"बाई, दहापेक्षा कमी मुलांचा गट निकालात धरायचा नाही असं लिहिलंय. गट लहान असला, की आकड्यावरून मूल ओळखू येतं म्हणून."

"बरं, मग?"

"मग काय? आपल्याकडे दहाचा गट ठेवायचाच नाही."

"अहो, निम्मी शाळा गरिबीच्या गटात आहे!"

"गरिबी एक झाली, बाई. पण तिचे प्रकार किती!"

स्थानिक उपगट पाडायची मुभा खात्याने दिलेलीच होती. (मुभा दिली म्हणजे कुणी ती घेईल, असे खात्याच्या स्वप्नातही नव्हते.) शाळा कामाला लागली. 'मोठ्या भावाचे बूट वापरणारे, सैल'. 'मोठ्या भावाचे बूट वापरणारे, घट्ट'. 'घर बदललेले, पण त्याच गल्लीत'. 'वडील आहेत, पण येऊन-जाऊन'. 'आजोबांच्या खोकल्यामुळे रात्री जागणारे'. शेवटच्या उपगटात तेरा मुले निघाली, तेव्हा अपूर्णांकाने कोरडा खोकला आणि ओला खोकला वेगळा करून संकट निवारले.

यातला धोका शिक्षकांच्या उशिरा लक्षात आला. उपगट पाडायचा तर मुलाला काहीतरी विचारावे लागते, आणि विचारले, की मूल सांगते. तिसरीच्या बाईंना कळले, की मागच्या बाकावरच्या झोपाळू जुळ्या बहिणी पहाटे उठून आईबरोबर दुकानांच्या पायऱ्या धुतात. त्यांनी त्यांना 'पायऱ्या' हा स्वतंत्र उपगट दिला आणि पहिल्या तासाला झोपू दिले. (पहिला तास त्या बाईंचाच असे, नुकसान काही झाले नाही.)

"बाई, मी कुठल्या गटात?" गोगलगायीने एकदा धडा टाळण्यासाठी विचारले.

"इस्त्रीच्या टेबलाखाली बसून अभ्यास करणारे."

"त्यात अजून कोण?"

"तू एकटीच."

"मग पहिला नंबर माझाच!"

"आणि शेवटचाही," अपूर्णांक पलीकडून म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा हो," बाई म्हणाल्या. "वाच गं पुढे."

तपासनीस साहेब आले. कागद उलटसुलट करून म्हणाले, "म्हणजे तुमच्याकडची गरिबी दूर झाली?"

"दूर नाही, साहेब," अपूर्णांक अदबीने म्हणाला, "बारीक झाली."

निकाल लागला. दुर्बल गट : शून्य. ज्यांच्याकडे दुर्बल गट कमी त्या शाळा यादीत वर, या न्यायाने शाळा सबंध शहरात पहिली आली. फाटकावर 'आदर्श शाळा' अशी पाटी लागली. नळ पूर्वीसारखाच गळत होता, पण आता तो आदर्श शाळेचा नळ होता.

यादी वरून वाचायची असते, त्यामुळे जाणत्या लोकांना ती पहिल्या ओळीतच पुरली. पुढच्या प्रवेशाला गल्लीत मोटारी लागल्या. 'आदर्श शाळेपासून दोन मिनिटांवर' या एका वाक्याने गल्लीतली भाडी अशी चढली, की दम लागला तो भाडेकरूंना. ओला खोकला गेला, मागोमाग कोरडा गेला. सैल बूट गेले, घट्ट बूट गेले. पायऱ्याही गेल्या. त्यांच्या जागी घरूनच वाचायला शिकून आलेली मुले आली. त्याच बाईंनी तेच धडे तसेच शिकवले, आणि सरासरी खरोखरच वर गेली. शिक्षणाने माणूस बदलतो तो असा : बाक तोच राहतो, माणूस बदलतो.

इस्त्रीवाली दाखला न्यायला आली, तेव्हा मोठ्या बाई फाटकापर्यंत गेल्या.

"मी शब्द दिला होता," बाई म्हणाल्या.

"शाळा राहिली की, बाई. आम्हीच नाही राहिलो," ती म्हणाली. "ए गोगलगाय, चल! तिकडे ट्रक खोळंबलाय."

पण गोगलगाय पाटीखाली उभी होती. बोट पोचत नव्हते, म्हणून तिने ते हवेतच धरले. "आ... द..." मग जोडाक्षर आले. ती थांबली. ट्रकवाल्याने हॉर्न दिला. "...र्श! आदर्श! आदर्श शाळा! बाई, आपली शाळा आदर्श आहे?"

"बाई सांगतील नंतर," आई म्हणाली आणि तिला उचलून ट्रकमध्ये बसवले.

बाई परत आल्या, तेव्हा अपूर्णांकाने आकडेमोड चक्क पुरी केली होती. गोगलगाय गेल्याने शाळेची सरासरी शून्य पूर्णांक सहा दशांशांनी वाढली होती. मोठ्या बाईंनी आयुष्यात प्रथमच त्याला खडू फेकून मारला.

हसू नका. परवा तुम्हीच त्या गल्लीत घर बघायला गेला होतात. पाणी, उजेड, पार्किंग विचारून झाल्यावर तुम्ही आवाज खाली आणून विचारलेत, "शाळा कशी आहे हो? मुलं कुठल्या घरातली येतात?" एजंट हसला आणि यादीतली पहिली ओळ दाखवून म्हणाला, "गैरसोय एकच, साहेब. कोपऱ्यावर पूर्वी इस्त्रीचं दुकान होतं. आता अख्ख्या गल्लीत इस्त्रीवाला मिळत नाही. का, कुणास ठाऊक."

"चालेल," तुम्ही म्हणालात. "कपडे आम्ही बाहेर देऊ."