धम्मरत्नची काचगाडी

"पंप बसवनं म्हंजे काय, पाच मिन्टाचं काम हाय!" असं धम्मरत्ननं रविवारी सकाळी अंगणात उभं राहून जाहीर केलं. आणि गुरुवारची संध्याकाळ झाली तरी तो पंपच बसवत होता!

गाडी म्हणजे एक तीनचाकी मालऑटो. दिग्रसच्या एका भाजीवाल्याकडून घेतलेली, त्यामुळे तिला कितीही धुतलं तरी मेथीचा वास काही जाईना. त्या गाडीवर दोनशे लिटरचा निळा ड्रम, ड्रमशेजारी पेट्रोलवर चालणारा फवारणीचा मोठा पंप, पंपाला पन्नास फूट पाइप आणि पाइपाच्या टोकाला पितळी गन. शिवाय लांब बांबूला बांधलेला ब्रश आणि रबरी वायपर. झाली काच धुवायची गाडी! गाडीच्या मागे पेंटरकडून लिहूनही घेतलं होतं, ‘धम्मरत्न काचसफाई. उंच काच आमची खासियत.’

आता दिग्रससारख्या गावात काचा धुवायला गाडी कशाला, असं तुम्ही म्हणाल. सारं गाव तेच म्हणत होतं. पण धम्मरत्नचं डोकं वेगळं चालत होतं. हाच पंप घेऊन तो पाच वर्षं लोकांच्या वावरात कपाशीवर फवारे मारत फिरला होता. मग बीटीचं बियाणं आलं, फवारे कमी झाले. त्यात कापसाचा भाव असा काही बसला की लोक फवारणीचं नाव काढलं तरी हात जोडायचे. पंप कोठ्यात धूळ खात पडला. आणि तिकडे दिग्रसच्या मार्केट रोडवर किसनराव दुकानदारानं दोन मजली कापडाचं दुकान बांधलं. पुढून नुसती काच! जमिनीपासून गच्चीपर्यंत!

धम्मरत्न थेट किसनरावांकडे गेला.

"भाऊ, शनिवारी बारा वाजता तुमचं उद्घाटन. माह्या गाडीनं काच धुऊन देतो. पसंत पडली तर वर्षभराचं काम मले द्याचं."

"अन् नाही पडली तं?"

"तं सोमवारच्या ट्रॅव्हल्सनं मी पुन्याले चाललो. चुलतभावानं वॉचमनची नोकरी पाहून ठेवली हाय."

हे काही तो बाता मारत नव्हता. तिकीट खरंच काढलेलं होतं. बायकोनं, रुपालीनं, ते चहापत्तीच्या डब्यात ठेवलं होतं. रोज चहा करताना डबा उघडला की ते पिवळं तिकीट दिसायचं आणि तिचा चहा उकळून उतू जायचा. नवऱ्यानं जाऊ नये असं तिला फार वाटत होतं. धम्मरत्नला तर त्याहून वाटत होतं. रात्रभर दुसऱ्याच्या फाटकाशी बसायचं, आणि तेही पुण्यात, या विचारानंच त्याला जेवण जात नसे.

तर सांगत होतो पंपाचं. पंप चालू केला की हवा धरायचा. पाइप जोडला की गळायचा. गळती सायकलच्या ट्यूबनं बांधली की दुसरीकडून फवारा! शेवटी धम्मरत्ननं पूनमसिंगला बोलावलं.

पूनमसिंग शेजारच्या बंजारा तांड्यावरचा, त्याचा जुना जोडीदार. फवारणीत पंधरा वर्षं घालवलेला माणूस. कोणत्या किडीला कोणतं औषध, वारा कोणीकडचा असला की तोंड कोणीकडे करायचं, सारं त्याच्या तोंडपाठ. त्यानं पंपाला कान लावला, दोन नट आवळले, चकती उलटी बसली होती ती सुलटी केली आणि म्हणाला, "दोरी ओढ."

धम्मरत्ननं दोरी ओढली. पंप असा काही सुटला की खाली पडलेली गन सापासारखी उठली आणि तिनं पहिला फवारा रुपालीच्या दोरीवरच्या कपड्यांवर, दुसरा चुलीवर आणि तिसरा खुद्द रुपालीवर मारला!

"अहो, मी काय काच आहो काय?" ती ओरडली.

"पाह्यलं का प्रेशर!" धम्मरत्न आनंदानं नाचला. "पूनम, तू माह्यासंगं चाल. फवारनीचा सारा अनुभव पनाला लाव लेका! एक गोष्ट सांगतो, चमक टिकली पायजे. निदान बारा वाजेपर्यंत तरी टिकली पायजे!"

पूनमसिंगनं मान हलवली. ही मान त्यानं फार मनावर घेऊन हलवली होती, हे धम्मरत्नला तेव्हा कळलं नाही.

शनिवारी सकाळी सहाला गाडी निघाली. निघताना रुपालीनं सीटखाली एक पिशवी ठेवली. "तीन किलो गूळ हाय. काम मिळालं तं तिथल्या तिथं लोकाईले वाटजा. रिकाम्या तोंडानं चांगली गोष्ट सांगू नये."

"आन् नाही मिळालं तं?"

"मंग वापस आना. पुन्याले बांधून देईन."

दुकानासमोर मार्केट रोडवर कापसाच्या बैलगाड्यांची ही मोठी लाइन लागली होती. त्या वर्षी खरेदी केंद्रात माप इतकं हळू चालायचं की लोक तीन-तीन दिवस रस्त्यावर राहायचे. तिथंच भाकरी, तिथंच झोप. बैलसुद्धा कंटाळले होते. अशा रिकाम्या माणसांना धम्मरत्नची गाडी म्हणजे फुकटचा तमाशाच. देवीलाल नावाचा एक गाडीवाला तर बैल सोडून पहिल्या रांगेत येऊन बसला.

"काय फवारून राह्यला बे काचीवर? बोंडअळी पडली काय?"

लोक खो-खो हसले. पण पंप सुरू झाला तसं हसणं थांबलं. पाणी थेट दुसऱ्या मजल्याला भिडलं. सिमेंटचे डाग, धूळ, चुन्याचे थेंब, सारं धुऊन खाली आलं. मागून वायपर फिरला. दोन तासांत काच अशी निघाली की त्यात अख्खी लाइन दिसायला लागली, बैलांसकट. देवीलालनं तिच्यात पाहून फेटा नीट केला.

"वा रे पठ्ठ्या!" कोणीतरी म्हणालं.

झालं! धम्मरत्न फुगला. किसनराव मोठ्या बहिणीला, विमलताईंना, आणायला यवतमाळला गेले होते. फीत त्यांच्याच हातून कापायची होती. ताईंच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, आणि किसनराव जगात कोणाचं ऐकत असतील तर फक्त ताईंचं. ते यायला अजून वेळ होता. तेव्हा धम्मरत्न देवीलालला घेऊन चहाच्या टपरीवर गेला आणि आता यवतमाळच्या साऱ्या मोठ्या काचा आपण कशा धुणार, लोहाऱ्याच्या एमआयडीसीत गाड्यांचं शेड कसं टाकणार, हे सांगण्यात त्याचे चार चहा झाले.

इकडे पूनमसिंग एकटाच काचेकडे पाहत उभा राहिला. काम सुरेख झालं होतं. पण धम्मरत्ननं सांगितलं होतं, चमक टिकली पायजे. आणि पंधरा वर्षांत पूनमसिंग एकच गोष्ट शिकला होता. नुसतं फवारलेलं काहीच टिकत नाही! औषध पानावर धरून ठेवायचं तर त्यात स्टिकर टाकावा लागतो. दुकानातला स्टिकर नसला तर घरचा, म्हणजे गुळाचं पाणी. स्टिकर न टाकता फवारा मारणारा माणूस त्याच्या लेखी माणूसच नव्हता.

सीटखाली तीन किलो गूळ होताच.

त्यानं तो बादलीभर पाण्यात विरघळवला, दुपट्ट्यातून गाळला, पंपाचा पाइप बादलीत सोडला आणि वरपासून खालपर्यंत शेवटचा हात मारला. एक इंच जागा सोडली नाही. काम मन लावून करणारा माणूस!

पहिली पंधरा मिनिटं काच आरशाहून चमकली, खोटं कशाला बोला. मग ऊन चढलं. काच चिकट झाली. आणि नऊच्या सुमाराला वारा सुटला. समोर पन्नास-साठ गाड्या उघडा कापूस घेऊन उभ्या, पलीकडे जिनिंगच्या कारखान्याचा भोंगा वाजलेला. कापसाचा एक बोटभर पुंजका हलकेच उडत आला आणि काचेवर बसला. मग दुसरा आला. मग काय, साऱ्या बाजाराला पत्ता सापडल्यासारखं झालं!

धम्मरत्न चौथा चहा संपवून आला तेव्हा दोन मजली काचेच्या जागी दोन मजली गादी उभी होती!

"पूनम! हे काय झालं रे?"

"याडी!" पूनमसिंगनं त्याच्या बोलीत आईला हाक मारली. "मी तं फक्त स्टिकर टाकला."

"काचीले स्टिकर? कायले बे?"

"तूच म्हनलं ना टिकली पायजे! आता पाह्य, काय टिकलं हाय!" पूनमसिंगनं बोट लावून ओढलं. कापूस हलेना. त्याच्या आवाजात थोडा अभिमानही होता, तो त्यानं लगेच लपवला.

धम्मरत्न ड्रमकडे धावला. ड्रम रिकामा! बाजाराच्या हौदातून पाणी आणावं तर गाड्यांच्या लाइनीतून ऑटो निघेना. त्याला काचेऐवजी ट्रॅव्हल्सची खिडकी दिसायला लागली. तो तिथंच गाडीच्या चाकाशी बसला. "गेलं. सोमवार आला," एवढंच त्याच्या तोंडून निघालं. पूनमसिंग त्याच्याशेजारी बसला.

तेवढ्यात किसनरावांची जीप आली.

किसनराव उतरले. दुकानाकडे पाहिलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग त्यांच्या मानेपासून लाली चढायला लागली आणि ते धम्मरत्नकडे अशा चालीनं निघाले की देवीलालसुद्धा दोन पावलं मागे सरकला.

"अरे किसन!" मागून विमलताईंचा आवाज आला. त्या जीपमधून उतरून काळा चष्मा कपाळावर चढवून पाहत होत्या. "केवढं सुंदर रे! कापडाचं दुकान कापसानंच सजवलं! हे मायच्यान कोनाले सुचलं?"

किसनरावांचं पाऊल हवेतच थांबलं.

"कपडा कापसाचाच ना," ताई म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं, ते ऑपरेशनचं की कशाचं, कळायला मार्ग नाही. "या साली कोनी कापसाकडं पाहून नाही राह्यलं. तू त्याले दारावर लावलं. बापाचं नाव काढलंस रे!"

लाइनीतले लोक उठून उभे राहिले. कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. किसनरावांनी धम्मरत्नच्या खांद्यावर हात ठेवला आणि दातांच्या फटीतून विचारलं, "हे निघन का रे लेका?"

"निघन जी," धम्मरत्न म्हणाला. कसं, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

पण देवीलालच्या ढवळ्याला ठाऊक होतं! तीन दिवस कोरडं कुटार खाल्लेला तो बैल. त्याला गुळाचा वास आला. तो शांतपणे पुढं आला, जीभ बाहेर काढली आणि काचेवरून खालून वर एक हात मारला. खर्रर्र! कापूस गेला, गूळ गेला, आणि मागे लखलखीत पट्टा! ते पाहून दुसरा बैल आला. मग तिसरा. टाळ्या वाजवणारे आपापल्या बैलांमागे धावले, पण बैल कोणाचं ऐकतात! अर्ध्या तासात बैलाची जीभ पोचेल तिथपर्यंत सारी काच अशी स्वच्छ झाली की धम्मरत्नच्या वायपरनंही झाली नव्हती. वर पांढराशुभ्र कापूस आणि खाली चकचकीत काच.

"हे तं अजूनच छान!" ताई म्हणाल्या, आणि काचेत पाहून त्यांनी पदर सारखा केला. "आतल्या साड्या दिसल्या ना आता!"

बाराला फीत कापली. आठ साड्या तर ताईंनीच निवडल्या.

सगळं उरकल्यावर किसनरावांनी धम्मरत्नला बाजूला घेतलं. "तुले काम देतो. ताईनं सांगितलं म्हनून देतो. वरचा कापूस उद्या नुसत्या पान्यानं धू, अन् दर आठवड्याले वरची काच तुह्याकडं."

"आन् खालची भाऊ?"

"खालचीचं मी देवीलालशी बोललो. त्याचा बैल तुह्यापेक्षा साफ करते."

संध्याकाळी गाडी अंगणात शिरली तेव्हा रुपाली दारातच उभी होती. धम्मरत्ननं मान हलवली मात्र, तिनं आत जाऊन चहापत्तीचा डबा उघडला, तिकीट काढलं आणि खिडकीतून थेट अंगणातल्या चुलीत टाकलं. मग डोळे पुसत, हसत बाहेर आली.

"सारं काम मिळालं?"

"वरचं मिळालं," धम्मरत्न पाइप गुंडाळता गुंडाळता म्हणाला. "खालचं दुसऱ्याले देल्लं. चांगला हाय तो. मेहनती."

"राहू द्या. वरचं तं वरचं. आन् गूळ? वाटला ना लोकाईले?"

धम्मरत्न एकदम पाइपाची गाठ सोडवायला खाली वाकला. गाठ नव्हतीच.

"वाटला ना वहिनी!" पूनमसिंगच पुढं होऊन म्हणाला. "आजपर्यंत कोनाचा गूळ लोकाईनं असा खाल्ला नसन. पार चाटूनपुसून!"