खाकीला भिणारी कुत्री

भुंकणारं कुणीही समोर आलं की नाना पगारे त्याच्याकडे पाठ करून उकिडवे बसत. त्यात कुत्रीही आली आणि आमचा फोरमनही. सातपूरच्या आमच्या कारखान्यात नाना लेथवर होते, मी टाइम ऑफिसात कारकून. एकदा जॉब बिघडला म्हणून फोरमन अंगावर धावून आला, तर नानांनी चक्क पाठ फिरवली. मग मला म्हणाले, "भाऊ, ते चिडलेलं नाय, भ्यालंय. त्याला वरच्याची धास्ती हाय."

गडी मूळचा सिन्नरकडचा, पन्नाशीचा. कुत्र्यांतलं आपल्याइतकं कुणालाच कळत नाही, याची त्यांना बालंबाल खात्री. "डोळ्यात डोळा घालायचा नाय. डोक्यावरून हात न्यायचा नाय. आपण जायचं नाय, त्याला येऊ द्यायचं." हे मला इतक्यांदा ऐकावं लागलं की घरी बायको चिडली तेव्हा मीही करून पाहिलं. उपयोग झाला नाही, हे कबूल करतो.

अठ्ठ्याहत्तरच्या हिवाळ्यात गेटजवळच्या सिमेंटच्या पाइपात एक पिवळी कुत्री व्याली. चार पिल्लं. जवळून जाईल त्याच्यावर ती तुटून पडायची. दोघांच्या पँटी फाडल्या, तिसरा निघाला नेमका फोरमन. झालं! शनिवारी नगरपालिकेची गाडी येणार असं ठरलं. त्या गाडीतून गेलेलं कुत्रं परत येत नसे.

"त्याच्या आत तिला माझ्या घरी नेतो," नाना म्हणाले. तेव्हा बुधवार होता.

बुधवारी पाळी सुटल्यावर नाना पाइपासमोर पाठ करून बसले, मागे भाकरीचे तुकडे टाकत. कुत्री नुसती गुरगुरत राहिली. गुरुवारी तेच. शुक्रवारी तर तिनं त्यांची बाहीच पकडली. मी म्हटलं, "काय नाना, विद्येनं दांडी मारली वाटतं!"

माणूस ओशाळेल की नाही? छे! फाटकी बाही निरखत म्हणाले, "चूक माझीच. ती मला नाय भ्याली. खाकीला भ्याली."

खरंच की! वॉचमन खाकीत, कामगार खाकीत, दांडा घेऊन तिला हुसकणारेही खाकीत. तिच्याजवळ जाऊ शकायची ती एकटी कँटीनची सखूबाई, लुगडं नेसणारी. आम्ही रोज बघत होतो, पण डोक्यात उजेड पडेल तर शपथ.

शनिवारी सकाळी पहिली पाळी आत शिरत होती, आणि नाना पाइपासमोर हिरवं नऊवारी लुगडं अंगभर लपेटून बसलेले. लोकांची हसून मुरकुंडी वळली. शिट्ट्या काय, "नानी, चहा टाका!" काय. फोरमन गरजला, "पगारे, लाज आहे का?" नाना हलले नाहीत.

कुत्री बाहेर आली. पदर हुंगला. पुन्हा हुंगला. मग हळूच त्यांच्या मांडीवर हनुवटी टेकली. शिट्ट्या आपोआप थांबल्या. नानांनी हनुवटीखालून बोटं नेली, गळा खाजवला. मग लुगडं सोडून त्यात चारही पिल्लं घेतली, बोचकं उराशी धरलं आणि चालू लागले. ती मुकाट मागोमाग. गाडी आली तेव्हा पाइप रिकामा होता. नानांचा खाडा मी लावला नाही. काय करायचं ते करा!

रविवारी त्यांच्या खोलीवर गेलो. नाना एकटेच राहत. लुगड्यावर पिल्लं लोळत होती. चिखल, दूध, एका कडेला चावून चिंध्या.

"अहो, चांगलं लुगडं होतं. कुणाचं?"

"मंडळीचं."

त्यांची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती.

"पेटीत ठेवलं होतं," नाना म्हणाले. "तिचा वास होता थोडा. संध्याकाळी उघडायचो, दिवसभराचं सांगायचो तिला." त्यांनी कुडकुडणाऱ्या पिल्लावर पदर ओढला. "आता कुत्र्याचा वास येतो. येऊ द्या भाऊ. ही निदान वर बघतात, मी बोललो की."