बोट न लावलेलं इंजिन

त्या दिवशी निरीक्षकांनी बायकोला सकाळीच तिच्या बहिणीकडे धाडून दिलं. घरात शांतता हवी होती. अकरा वाजता क्लबचे दोन परीक्षक येणार होते आणि त्यांच्यासमोर निरीक्षकांचं छोटं इंजिन कोणाचाही हात न लागता पंचवीस फेऱ्या मारणार होतं.

निरीक्षक म्हणजे वजनमापांचे. एकतीस वर्षं त्यांनी तराजूला हळूच लागणारी बोटं पकडली. दुकानदाराच्या मनात बोट लावायचं येताच आपल्याला कळतं, असं ते स्वतःच सांगत. निवृत्तीनंतर त्यांना छोट्या आगगाड्यांचा नाद लागला आणि त्या शौकिनांच्या क्लबातही त्यांना बोटंच दिसू लागली.

त्याला कारण होतं. क्लबातलं प्रत्येक इंजिन म्हणजे यार्डात डबे ढकलणाऱ्या जुन्या वाफेच्या इंजिनाची नक्कल, तळहाताएवढी. धुराडं नावालाच, चालायचं विजेवर, आणि वीज रुळांतून चाकांवाटे वर चढायची. चाकं चारच. रुळाला फाटा फुटतो त्या सांध्यावर प्लास्टिकचा इवलासा तुकडा असतो, त्यातून वीज जात नाही. मोठं इंजिन तो सहज ओलांडतं, छोटं नेमकं त्याच्यावर बसकण मारतं. मग मालक इकडेतिकडे बघून बोटाने ढकलतो.

"हे मापात पाप आहे," असं सांगून निरीक्षकांनी क्लबात नियम करून घेतला होता. बोट लागलेलं इंजिन क्लबच्या प्रदर्शनात घ्यायचं नाही. त्या नियमाने बारापैकी अकरा इंजिनं बाद झाली. बारावं निरीक्षकांचं. ते सात महिन्यांत एकदाही थांबलं नव्हतं. आज थांबलं असतं तर प्रदर्शनात नुसती टेबलं मांडावी लागली असती.

रूळ दिवाणखान्यातून भिंतीतल्या भोकाने स्वयंपाकघरात जात, ओट्यावरच्या फळीवर सांधा ओलांडत आणि दुसऱ्या भोकातून परत येत. निरीक्षक रोज अकराला दिवाणखान्यात बसून गाडी सोडत. स्वयंपाक चालू असताना त्यांना आत पाऊल टाकायची बंदी होती.

दातांचे डॉक्टर आणि घड्याळजी बरोबर अकराला आले. निरीक्षकांनी कळ फिरवली. इंजिन ऐटीत पहिल्या भोकात शिरलं. तिघांनी दुसऱ्या भोकाकडे माना वळवल्या.

बराच वेळ गेला.

"आत कुठे चहाला थांबतं का?" घड्याळजींनी विचारलं.

तिघं स्वयंपाकघरात गेले. इंजिन सांध्यावर बसलं होतं. निरीक्षक त्याच्याकडे खुर्चीखाली पैसे सापडलेल्या शिपायाकडे बघावं तसे बघत राहिले. "रूळ मळले असतील," ते म्हणाले. रूळ पुसले. इंजिन मागे नेऊन सोडलं. थांबलं.

"वजन कमी पडतंय," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी वर शिशाचा तुकडा ठेवला. इंजिन त्याच जागी थांबलं, फक्त आता जास्त ठामपणे. मग घड्याळजींनी तेलाचा एक थेंब सोडला. तो रुळावर उतरला आणि इंजिन सांध्याच्या अलीकडेच चाकं फिरवत जागच्या जागी उभं राहिलं.

"आता ते चालतंय," घड्याळजी म्हणाले. "फक्त जात नाहीये."

निरीक्षकांनी बायकोला फोन लावला. डॉक्टर म्हणाले, "मोठ्या आवाजावर ठेवा. परीक्षा आहे, लपवाछपवी नको."

"अगं, ओट्यावरची फळी हलवलीस का तू?"

"मी कशाला हलवू? काय झालं?"

"इंजिन सांध्यावर थांबलंय."

"मग लावा की बोट."

घड्याळजींनी तेलाची बाटली खाली ठेवली.

"बोट?" निरीक्षक म्हणाले.

"रोज लावते मी. फोडणी टाकता टाकता एक टिचकी मारली की जातं पुढे. मला वाटलं ते तसंच असतं. तुम्हीच तर सोडता ना तिकडून."

"सात महिने?"

"मग काय. परवा हात कणकेचा होता, तर लाटण्याने ढकललं. बरं, गॅस बंद आहे ना?"

निरीक्षक स्टुलावर बसले. एकतीस वर्षांची नोकरी त्यांच्या डोळ्यांपुढून एकेका दुकानाने सरकत गेली.

डॉक्टरांनी फोन आपल्याकडे ओढला. "वहिनी, टिचकी धुराड्याला मारता की मागून?"

"मागून. धुराड्याला मारलं तर रुसतं."

डॉक्टरांनी ते वहीत लिहून घेतलं. मग दोघा परीक्षकांनी दारात उभं राहून थोडी कुजबुज केली आणि निर्णय सांगितला. प्रदर्शन व्हायला हवं, तेव्हा नियमात एक दुरुस्ती करावी. घरच्या माणसाचं बोट हे बोट धरू नये. बाराही इंजिनं एकमताने पास झाली. निरीक्षकांनी सही केली, पण मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी अकराला बायको दिवाणखान्यात कळीपाशी बसली. "सात महिने नुसतं ढकललं, आता एकदा चालवून बघते," ती म्हणाली. निरीक्षकांना ओट्याशी उभं केलं होतं आणि पुढ्यात वाटाण्याच्या शेंगा ठेवल्या होत्या. एक बोट मोकळं ठेवायचं, बाकीच्यांनी सोलायचं.

नवव्या फेरीनंतर बाहेरून तिचा आवाज आला.

"बघितलंत का हो? माझ्या हातात एकदाही थांबलं नाही. हात लागतो त्याला."

निरीक्षकांनी मोकळं बोट फळीवर टेकवलं. अर्ध्या शेंगा राहिल्या होत्या आणि दहावी फेरी यायची वेळ झाली होती.